सल्ला सदर : बाण कधी सोडायचा नाही, तिथून सुरुवात करा

वाचकाचे पत्र (थोडक्यात, ओळख वगळून) : सत्तरी तालुक्यातल्या एका एकेचाळीस वर्षांच्या वाचकाने लिहिले आहे. गेली दोन वर्षे ते घरच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याचा सराव करतात. बहीण टेक्सासात असते. भावोजी तिथे धनुष्याने शिकार करतात आणि येत्या डिसेंबरात त्यांनी यांना एका खाजगी रॅंचवर चितळाच्या शिकारीला बोलावले आहे. चाळीस मीटरवर सहापैकी पाच बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात, पण दिवसाचा पहिला बाण नेहमी दहा-बारा सेंटीमीटर वर जातो. भावोजी म्हणतात, ‘चाळीस यार्डावर तू आरामात मारशील.’ प्रश्न असा : नेम खांद्यावर धरायचा की हृदयावर, आणि अचूकता आणखी कशी वाढवायची? एका मित्राने सुचवले आहे, की जाण्यापूर्वी कुळागरात उतरणाऱ्या रानडुकरांवर एक-दोनदा हात साफ करून घ्यावा. पत्नीचे म्हणणे वेगळेच आहे : ‘इथे मोलेच्या रस्त्यावर चितळ दिसले की गाडी थांबवणारा माणूस तिथे जाऊन तेच मारणार?’

नमस्कार,

आधी मित्राची सूचना निकालात काढू, कारण तिच्यात तुमचा डिसेंबरच काय, पुढची काही वर्षेही जाऊ शकतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चे कलम 9 शिकारीला मनाई करते. याच कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राणी मारण्याचा नुसता प्रयत्नही येतो, म्हणजे चुकलेला बाणसुद्धा. शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. अभयारण्यात पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायला कलम 31 मनाई करते, आणि सत्तरीत म्हादई अभयारण्याची हद्द अनेकांच्या कुळागरांपासून फार लांब नसते. डुकरे पोफळीची रोपे उकरतात हे खरे आहे, पण त्याची तक्रार वनखात्याकडे करायची. धनुष्य घराच्या आवारातच राहू द्या. जाता-येता ते पिशवीत बंद असू द्या आणि बाण वेगळे ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. खांदा की हृदय, असे तुम्ही विचारता. त्यामागे एक गृहीत आहे : हरीण म्हणजे उभे लक्ष्य, त्यावर एक बिंदू आहे आणि तो कळला की उरते ते हाताचे काम. बंदुकीच्या बाबतीत हे थोडेफार चालून जाते. गोळी धक्क्याने आणि मोडलेल्या हाडाने जनावर खाली पाडते. बाण तसे काही करत नाही. त्याचे पाते आतून कापत जाते आणि जनावर रक्तस्राव होऊन किंवा फुप्फुसे मिटून मरते. म्हणून बाणासाठी बाहेरच्या बिंदूपेक्षा आतली वाट महत्त्वाची असते : बाण कुठून शिरला, कशातून गेला, कुठून बाहेर पडला. दोन्ही फुप्फुसांतून गेला, तर हरीण बहुधा शंभर-दीडशे मीटरच्या आत पडते. एकाच फुप्फुसातून गेला तर ते मैलभर जाऊ शकते आणि कदाचित सापडतच नाही.

तेव्हा खांदाही नको आणि निव्वळ हृदयही नको. खांद्याचे हाड बाणाला अडवते. हृदय फार खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असते आणि लहान असते. नेम जरा खाली गेला की बाण छातीखालून निघून जातो. जनावर पूर्ण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून एक उभी रेघ वर न्या. छातीच्या तळापासून पाठीपर्यंतच्या उंचीचा खालचा तिसरा भाग जिथे संपतो, तिथे ती रेघ थांबवा. तो तुमचा बिंदू. त्याच्याभोवती फुप्फुसे आहेत, किंचित खाली हृदयाचा वरचा भाग आणि मोठ्या रक्तवाहिन्या. खांद्याचे पाते तिथून पुढे आणि वर असते. कोपराच्या सांध्यापर्यंत येणारे पायाचे हाड तिरके मागे येते, म्हणून पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकलेला असला की ही जागा अधिक मोकळी होते.

अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणासाठी या भागाचा व्यास वीस सेंटीमीटर धरतात. चितळाच्या मादीसाठी पंधरा धरा, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढा. चितळाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात हा तुमचा फायदा आहे. ‘हरणावर’ नेम धरू नका, एक ठिपका निवडा. डोळा पूर्ण जनावरावर पसरला की बाणही पसरतो.

जनावर तिरके, शेपटीची बाजू तुमच्याकडे करून उभे असेल, तर धनुष्यासाठी तो आडव्याइतकाच किंवा त्याहून चांगला कोन आहे. मात्र नेम जवळच्या खांद्यामागे धरायचा नाही. पलीकडच्या पुढच्या पायाचा विचार करा : बाण तिथे बाहेर पडायला हवा. मग प्रवेशाची जागा आपोआप मागे, शेवटच्या काही बरगड्यांकडे सरकते. कोन जितका तिरका, तितकी ती मागे. पंचेचाळीस अंशांच्या पुढे मात्र वाट पोटातून जाऊ लागते, तेव्हा थांबायचे. छाती तुमच्याकडे करून तिरके उभे असेल, समोरून तोंड करून असेल, फक्त डोके वा मान दिसत असेल, बसलेले असेल, पाठमोरे असेल, यांपैकी कशातही बाण सोडायचा नाही. तिथे तुम्ही किती कुशल आहात याला अर्थ उरत नाही, कारण हाड आणि पोट वाटेत येतात.

आता भावोजींच्या चाळीस यार्डाकडे येऊ. त्यांचा विश्वास तुमच्या हातावर आहे आणि तो रास्त असेल. मुद्दा चितळाच्या कानाचा आहे. टेक्सासात चितळ 1932 च्या सुमारास भारतीय उपखंडातून आणून सोडले गेले. वाघाच्या सावलीत घडलेली ही जात धनुष्याच्या आवाजाला झटकन खाली दबणारी म्हणून तिथल्या धनुर्धाऱ्यांत प्रसिद्ध आहे. उडी मारायला पाय ताणण्याआधी हरीण पाय दुमडते आणि त्याचे अंग खाली येते. हे गणित एकदा कागदावर मांडून पाहा. बाणाचा वेग सेकंदाला 80 मीटर, आवाजाचा 343. आवाज कानावर पडल्यापासून हलायला हरणाला दशांश सेकंद लागतो असे धरू, आणि नंतर ते मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूसारखे खाली जाते असे धरू. वीस यार्डावर बाण पोचेपर्यंत ते तीनेक सेंटीमीटर खाली गेलेले असेल. तीस यार्डावर तेरा. चाळीस यार्डावर तीस. म्हणजे अचूक सोडलेला बाण वीस यार्डावर फुप्फुसात जातो आणि तोच, तसाच सोडलेला बाण चाळीस यार्डावर पाठीवरून जातो किंवा त्याहून वाईट, पाठीच्या वरच्या मांसात रुततो. बाण वाटेत मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा जास्तच. मान वर, कान तुमच्याकडे वळलेले, अंग ताठ असे जनावर असेल तर ते दबणारच असे समजा. चरत असलेले, कान ढिले, शेपटी हलती असे असेल तर शक्यता पुष्कळ कमी होते.

‘मग नेम थोडा खाली धरू का?’ हा पुढचा प्रश्न मला दिसतो आहे. शांत जनावरावर वीस यार्डाच्या आत वर सांगितलेल्या बिंदूच्या तीन-चार सेंटीमीटर खाली धरणे योग्य आहे, कारण ते दबले नाही तरी बाण हृदयात जातो. पण तीस सेंटीमीटर खाली धरणे म्हणजे जुगार. ते न दबल्यास बाण जमिनीत. पहिल्या शिकारीला पंचवीस यार्ड ही तुमची हद्द असू द्या, भावोजी काही म्हणोत. त्यांना हे आकडे दाखवा, चांगल्या शिकाऱ्याला ते पटतात.

दिवसाचा पहिला बाण वर जातो हे तुम्ही ओळीच्या मध्येच लिहून पुढे गेलात. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. शिकारीत तेवढा एकच बाण असतो. उरलेले पाच तळहातात बसतात, पण ते अंग गरम झाल्यावरचे. दोष नेहमी एकाच दिशेने येतो म्हणजे कारण शोधता येईल. दोन गोष्टी तपासा. पहिली, धनुष्याची मूठ : थंड हाताने आपण घट्ट पकडतो, तळव्याचा खालचा भाग मुठीवर दाबला जातो आणि बाण वर जातो. दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर हवा, बोटे सैल हवीत. दुसरी, पीप (दोरीत बसवलेले, डोळ्यासमोर येणारे छिद्र) आणि साइट (धनुष्यावरची नेम धरायची चौकट) : दोरीतल्या पीपचे वर्तुळ साइटच्या वर्तुळावर बरोबर मध्यात बसते का, हे पहिल्या बाणाला मुद्दाम पाहा. खेचताना मान ताठ नसेल तर ते वर-खाली सरकते. तर्जनीने दोरी सोडणाऱ्या उपकरणाचा ट्रिगर झटकत असाल तर तोही दोष आहेच. बोट ट्रिगरवर टेकवून पाठीच्या स्नायूंनी ओढत राहा, बाण सुटताना तुम्हालाही थोडे नवल वाटले पाहिजे.

उपाय कंटाळवाणा आहे : रोज एकच थंड बाण. सकाळी उठून, चहाआधी, कुठलाही सराव न करता. तोच त्या दिवसाचा हिशेब, वहीत अंतर आणि चूक लिहायची. नंतर हवा तेवढा सराव करा, पण तो वहीत धरायचा नाही. ज्या अंतरावर सलग दहा दिवसांचे दहा थंड बाण पंधरा सेंटीमीटरच्या वर्तुळात बसतात, ते तुमचे खरे अंतर. मग वर दिलेली पंचवीस यार्डांची हद्द आणि हे, यांतले जे कमी ते घ्या.

हा बाण उभ्याने नको. टेक्सासात तुम्ही बहुधा जमिनीवरच्या तंबूत खुर्चीवर बसलेले असाल. खुर्चीवर बसून, धनुष्य लक्ष्याच्या रेषेत सरळ धरून, वर न उचलता ओढता येते का पाहा. आकाशाकडे ढकलून ओढावे लागत असेल, तर धनुष्याचा जोर जास्त आहे, पाच पौंड कमी करा. त्या हालचालीने चितळांचा कळप बुजतो, ते वेगळेच. तंबूच्या खिडकीचे एक गंमतशीर, पण महागात पडणारे गणित आहे : तुमचा डोळा साइटमधून पाहतो, बाण मात्र त्याच्या आठ-दहा सेंटीमीटर खालून जातो. साइटच्या पिनमधून हरीण मोकळे दिसते आणि बाण खिडकीच्या कडेवर आदळतो. तंबूत गेल्या गेल्या बाण चढवून, न ओढता ही मोकळीक तपासा.

आणि जाकीट. गोव्यात डिसेंबरातही अंगाला घाम येतो, टेक्सासच्या टेकड्यांत पहाटे पारा शून्याजवळ जाऊ शकतो. फुगीर बाहीवर दोरी घासली की बाण भलतीकडे जातो. जे जाकीट नेणार तेच अंगात घालून शेवटचे दोन आठवडे सराव करा. शेजारी हसतील, हसू द्या.

झाडावरच्या मचाणाबद्दल थोडेच. सहा मीटर उंचीवरून वीस यार्डावरच्या जनावरासाठी सरळ रेषेतले अंतर आणि आडवे अंतर यांत जेमतेम एक मीटरचा फरक पडतो, त्याची फार चिंता नको. बाण चुकतो तो धनुष्याचा हात खाली झुकवल्याने. आधी समोर सरळ ओढा, मग कमरेतून वाका. जनावर अगदी मचाणाखाली आले तर मात्र त्याला जाऊ द्या, वरून एकच फुप्फुस मिळते. पट्टा बांधल्याशिवाय मचाणावर चढू नका.

आता इथे, गोव्यात, प्राण्याच्या अंगाची समज कशी यावी? दोन गोष्टी करा. पहिली, बोंडल्याला जा. तिथल्या प्राणिसंग्रहालयात दुर्बीण घेऊन कुंपणाबाहेर तासभर उभे राहा आणि प्रत्येक हरणाकडे पाहत मनात ‘आता’ किंवा ‘नाही’ म्हणा. पाय कुठे आहे, अंग किती तिरके आहे, मागे दुसरे जनावर उभे आहे का. ‘आता’ किती क्वचित म्हणता येते हे तासाभरात कळेल. तो मागच्या जनावराचा मुद्दा हलका घेऊ नका. चितळे कळपाने असतात, बाण आरपार जातो आणि पलीकडची दुसरी मादी जखमी होते. दुसरी गोष्ट : रद्दी पुठ्ठ्याचे मोठे खोके घ्या, बाहेर चितळाची बाजू रंगवा, आत फुप्फुसांच्या जागी पंधरा सेंटीमीटरचा फुगा बांधा. खोके फिरवून वेगवेगळ्या कोनांतून मारा. फुगा बाहेरून दिसत नाही, त्यामुळे नेम आतल्या वाटेवरच धरावा लागतो. बिंदूला चिकटलेली नजर यातून सुटते.

खोक्यामागे जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली गोणी चालेल, पण फक्त साध्या टोकाच्या बाणांसाठी. ब्रॉडहेड (शिकारीचे धारदार पात्यांचे टोक) त्यात अडकते आणि गोणीही फाटते, त्याला फोमचा ठोकळा हवा. मागे चिऱ्यांची भिंत नको, चुकलेला बाण चिऱ्यावर तुटून उसळतो. मातीची दरड उत्तम. पोफळी काढायला आलेली माणसे कुठे आहेत हे पाहिल्याशिवाय एकही बाण नको. वर गेलेला बाण शेजाऱ्याचे कुळागरही ओलांडू शकतो.

ब्रॉडहेडवर एक परिच्छेद द्यायलाच हवा, कारण सगळा सराव साध्या टोकाने करून शिकारीच्या दिवशी पाते लावणारे बरेच असतात. पाते पुढे लावले की ते स्वतःच पंखासारखे वागते आणि धनुष्याच्या जुळणीतली लहानशी चूक मोठी करून दाखवते. वीस यार्डावर दोन्ही टोकांचे तीन-तीन बाण मारा. ब्रॉडहेडचा गट साध्या टोकांच्या डावीकडे असेल तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) उजवीकडे सरकवा, वर असेल तर खाली. एका वेळी मिलिमीटरपेक्षा कमी. दोन्ही गट एकत्र आले की मगच साइट हलवायची, आधी नाही. चितळासाठी साठ पौंडांच्या आसपासचे धनुष्य आणि 400 ते 450 ग्रेन वजनाचा बाण पुरतो. हलका बाण वेग देतो, पण जड बाण धनुष्याचा आवाज कमी करतो आणि खोल जातो. चितळाच्या बाबतीत मी जडाच्या बाजूने आहे. सरावात वापरलेली पाती शिकारीला नकोत, नवी धारदार ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे त्यांना आठवड्यात गंज चढतो. तेलाचा हात फिरवून बंद डब्यात ठेवा, दोरीला मेण लावा. विमानप्रवासानंतर तिथे पोचल्यावर पहिले काम : वीस यार्डावर पुन्हा तपासणी. भावोजींचे धनुष्य वापरणार असाल तर त्याची ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते माप) तुमच्या मापाला लावून घ्या. उसन्या मापाच्या धनुष्यावर वरचे काहीच लागू पडत नाही.

बाण सुटल्यावर मान उचलून तो कुठे गेला हे पाहायचा मोह होतो, आणि त्यानेच तो चुकतो. लक्ष्यावर आदळल्याचा आवाज येईपर्यंत हात जागेवर. मग हरीण शेवटचे कुठे दिसले ते झाड लक्षात ठेवा. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर अर्धा तास थांबा. गडद लाल असेल तर यकृत, चार तास. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर पोट, आठ ते बारा तास. आधी मागे गेलात तर ते उठून पळते आणि हरवते.

पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही, पण त्यावर वाद घालू नका. टेक्सासात चितळ परके आहेत, स्थानिक हरणांचा चारा खातात, हे खरे आहे आणि ते तिला सांगा. इथले चितळ आपल्या रानाचे आहेत, हेही तितकेच खरे. तिचा प्रश्न बहुधा तुम्ही तिथे कसे वागाल याबद्दल आहे. तुमच्यापुढे पर्यायही आहेत. पहिले दोन दिवस धनुष्याशिवाय, फक्त दुर्बीण घेऊन भावोजींबरोबर बसता येईल. फोमच्या प्राण्यांवरच्या थ्री-डी धनुर्विद्येच्या मैदानावर जाऊन हौस भागवता येईल, अनेकांना तेवढे पुरते. शिकारच करायची ठरली तर डिसेंबरात मोठ्या शिंगांचा हट्ट नको, तेव्हा अनेक नरांची शिंगे गळालेली किंवा अजून मखमलीत असतात. मादी निवडाल तर पाडस मागे आहे का हे आधी पाहा, चितळांची विण वर्षभर होते.

कागदपत्रांचे शेवटी. खाजगी जमिनीवर चितळ मारायलाही टेक्सासचा शिकार परवाना लागतो आणि मालकाची संमती. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे शिकारी शिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागतो, पाहुण्यांनाही. तुम्ही त्यात येता. तो ऑनलाइन होतो, चतुर्थीची धावपळ संपली की करून टाका. आणि स्विंडन-लंडनला नातेवाईक असलेल्या वाचकांसाठी : ब्रिटनमध्ये धनुष्याने हरीण मारणे बेकायदा आहे, तिथे वरचे काही वापरायला जाऊ नका.